गाणं बदलू नये म्हणून

एका खेळात मी पटाईत आहे हे सांगताना मला संकोच होतो. कोळगावच्या ज्या कचेरीत मी नोकरी करतो तिथं माझी ओळख डब्याशेजारी पुस्तक उघडून बसणारा माणूस अशी आहे. हा माणूस गेली कित्येक वर्षं मोबाईलवर रंगीत ठोकळे जुळवतो, कानात इअरफोन घालून, हे तिथं कुणाला माहीत नाही.

खेळ समजायला सोपा आहे. वरून एक ठोकळा खाली येतो, चार खणांचा. खणांचे रंग दोनच. एका रंगाचे चार खण एकमेकांना लागून चौकोन झाला की तो उजळतो, पण लगेच नाहीसा होत नाही. मागं गाणं चालू असतं आणि त्याच्या ठेक्यावर एक बारीक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत असते. ती वरून गेली की उजळलेला चौकोन पुसला जातो. पुरेसे चौकोन पुसले की गाणं बदलतं, रंग बदलतात, रेघेची चाल बदलते. ठोकळे साचत वरपर्यंत पोचले की खेळ संपला.

नवखा माणूस पडणाऱ्या ठोकळ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे जवळजवळ बघतच नाही. पडद्याच्या कडेला पुढचे तीन ठोकळे आधीच दाखवलेले असतात, माझी नजर तिथं असते. रेघ नुकतीच जिथून गेली तिथं चौकोन करण्यात अर्थ नसतो, तो पुढची फेरी येईपर्यंत जागा अडवून बसतो. म्हणून रेघेच्या पुढं राहायचं. एका रंगाचा थर रचत न्यायचा, नको असलेला रंग उजव्या कोपऱ्यात टाकत राहायचा, आणि रेघ पुन्हा निघायच्या आत शेवटचा खण बसवायचा. मग एका फेरीत सगळं साफ होतं. गाणं संपत आलं की कानाला कळतं. तेव्हा मधली जागा मोकळी करून ठेवायची, कारण पुढचं गाणं घाईचं निघालं तर विचाराला वेळ राहत नाही.

खेळात हे सगळं ठीक होतं.

बोईसरजवळ सरावलीला आम्ही दोघंच राहत होतो, वडील आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली, माझं लग्न झालं नाही. वडील तरुणपणी सांगलीकडच्या गावातून तारापूरला वीजकेंद्रात फिटर म्हणून आले आणि निवृत्त होईपर्यंत आम्ही तिथल्या वसाहतीत होतो. मग हा फ्लॅट. इमारतीत सगळेच असे बाहेरून आलेले, कुणी जळगावचे, कुणी लातूरचे, कुणी बिहारचे. कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणे झोपणारी-उठणारी माणसं. एकमेकांच्या घरचा डबा जातो-येतो, पण भावकी कुणाचीच इथं नाही.

त्याचा अर्थ मला दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा वारले तेव्हा कळला. गावाकडं माणूस गेला की कुणाला काही सांगावं लागत नाही. एक जण बांबू तोडायला निघालेला असतो, एक जण मडकं घेऊन आलेला असतो, एक जण अंगणात बसून तिरडी बांधायला लागलेला असतो. इथं सगळे जिन्यात उभे राहून एकमेकांकडे बघत होते. सामान कुठं मिळतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बोईसरचा बाजार बंद होता. दोघं मोटरसायकलवरून पालघरला गेले, तिथून परत आले, मग बांबू आणायला टेम्पो शोधत बसले. आजोबा तसेच पडून होते आणि त्यांचा मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला ‘आत्ताच येतंय सामान’ म्हणत होता. त्याचा तो चेहरा माझ्या लक्षात राहिला. आपल्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही, असं मी मनाशी म्हटलं.

पुढं वडिलांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना बोईसरच्या एका दवाखान्यात आयसीयूत ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, की आशा धरू नका. मी बाहेर बाकावर बसलो. खेळत होतो हेही सांगतो, कारण पुस्तकाचं पान पुढं सरकत नव्हतं. आणि खेळता खेळता मी ठरवत गेलो.

मी बाजारात जाऊन अंत्यविधीच्या सामानाचं दुकान शोधून काढलं. दुकानदार इथलाच, शांत माणूस. मी विचारलं, वेळ आली तर सरावलीला किती लवकर पोचवाल? तो म्हणाला, "फोन करा, आमी हाव. आधी कशाला ठरवायचा? आधी कोन नाय ठरवत." मी तरी पत्ता देऊन आलो. मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला गाठलं. तो जळगावकडचा, औषधांच्या कारखान्यात काम करणारा, सांगितलेलं काम नेमकं करणारा. मला माहीत होतं, की ती वेळ आली की मला बोलता येणार नाही. म्हणून त्याला म्हटलं, मी फक्त एक मेसेज करीन, ॲम्ब्युलन्स निघाली म्हणून. तो आला की तुम्ही दुकानाला फोन करा. आम्ही पोचायच्या आत सामान खाली यायला हवं, लोक जमायला हवेत.

"भाऊ, असं नका बोलू," तो म्हणाला.

"पण कराल ना?"

"करीन ना भाऊ. पण असं नका बोलू."

मी जिना चढलो तेव्हा मला हलकं वाटलं. सगळं रचून झालं होतं, शेवटचा खण बसायचा बाकी होता. हे वाक्य त्या वेळी माझ्या मनात जसंच्या तसं आलं होतं.

वडील गेले नाहीत. पाणी ओसरलं, त्यांनी डोळे उघडले, चहा मागितला आणि दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली. त्यांना जनरल वॉर्डात हलवलं. मी कुणालाही कळवलं नाही. बरं वाटतंय असं मोठ्यानं म्हटलं की दृष्ट लागते, असं आई म्हणायची, आणि एवढी पुस्तकं वाचूनही ते माझ्या अंगातून गेलेलं नाही. शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा मी ‘आहे तसंच आहे’ एवढंच म्हणालो.

वॉर्डात त्यांना करमेना. माझ्या कानातला एक इअरफोन त्यांनी ओढून स्वतःच्या कानात घातला.

"काय ऐकतोस?"

मी पहिल्यांदाच त्यांना खेळ दाखवला. मला वाटलं हसतील. ते ठोकळ्यांकडे न बघता मान हलवत राहिले. ते पूर्वी वसाहतीच्या भजनात टाळ वाजवायचे. थोड्या वेळानं बोटानं पांघरुणावर ठेका धरला आणि म्हणाले, "रेघ समेवर परत येती बघ." मग फोन मागून घेतला.

डॉक्टरांनी एका सकाळी सांगितलं, की आता घरी न्या, बरे झालेत असं समजू नका, पण घरी राहतील तेवढं बरं. मी कागदांच्या आणि औषधांच्या गडबडीत होतो. वडील चालू शकत नव्हते, लिफ्ट थांबवून ठेवायला कुणीतरी हवं होतं. मी शेजाऱ्याला मेसेज केला, ॲम्ब्युलन्स निघाली, येतोय.

वाटेत वडील उठून बसले होते. काचेतून बघून म्हणत होते, की हे दुकान नवीन दिसतंय, तो वड तोडला वाटतं. इमारतीच्या फाटकात गाडी वळली तेव्हा मला आधी माणसं दिसली. पाळी सोडून आलेले पुरुष, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका. मग भिंतीला टेकवलेले दोन हिरवे बांबू दिसले, त्यांच्या पायाशी कामट्या, सुतळीचं बंडल, मडकं, पांढऱ्या कापडाची घडी. एक बाई रडायला लागली, आणि तिचं रडणं ऐकून दुसरी.

ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. वडील स्ट्रेचरवर मांडी घालून बसलेले, हातात दवाखान्याची पिशवी.

सगळीकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

रडणाऱ्या बाईनं पदर तोंडात धरला. शेजारी माझ्याकडे बघत होता, फोन अजून त्याच्या हातात होता. वडिलांनी त्याची नजर कुठं आहे ते पाहिलं आणि मग तेही माझ्याकडे बघायला लागले. त्यांना किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. फार नाही.

मी इतका पुढचा विचार केला होता. त्यात वडील जिवंत घरी येतात अशी एकही जागा नव्हती.

"आजोबा, तब्येत बरी दिसते," लातूरकर काकू म्हणाल्या.

"व्हय," वडील म्हणाले, "एवढी मानसं कधी आली न्हवती मला न्यायला."

दोघे-तिघे हसले. शेजाऱ्यानं आणि ड्रायव्हरनं वडिलांना खुर्चीवर घेतलं. मी पिशवी धरून मागून गेलो. दुकानदाराच्या टेम्पोवाल्यानं मला जिन्याशी गाठलं. "साहेब, ह्या सामान परत नाय नेत आमी. एकदा दारात उतरला की उतरला." मी म्हटलं, मग काय करू? तो म्हणाला, "ता मी काय सांगू?"

त्या संध्याकाळी शेजारी वर आला आणि दारातच उभा राहिला. "चुकलं भाऊ माझं. एकदा विचारायला पाहिजे होतं." चूक त्याची नव्हती आणि ती माझी आहे असं म्हणायला वडिलांसमोर तोंड उघडेना. आतून वडीलच म्हणाले, "आत ये रं. तुझं काय चुकलं? तू सांगितलेलं केलंस."

मडकं आणि कापड खाडीत गेलं, बांबूंचं काय करायचं हा प्रश्न इमारतीला पडला. काकू म्हणाल्या तेही खाडीत सोडा. वॉचमन हात लावायला तयार होईना. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, की वर आणा. "चांगला हिरवा बांबू हाय. गॅलरीत आडवा टाका, कापडं वाळतील." मी म्हटलं, बाबा, नको. ते म्हणाले, "का? बांबूला काय ठावं हाय? निवडून आणलाईस न्हवं?"

मग मी त्यांचे लेंगे, सदरे, पुसायचे पंचे रोज त्या बांबूंवर वाळत घालायला लागलो. खालून येणारे-जाणारे वर बघायचे. ही गोष्ट सरावलीत पसरायला वेळ लागला नाही. वाण्याकडे गेलो की दुकानातलं बोलणं थांबायचं. एकदा कुणीतरी मागून म्हणालं, "ह्येच ते, ॲडव्हान्स बुकिंगवाले." मी सामान न घेताच परत आलो आणि वडिलांना सांगितलं, की वाणी बंद आहे.

वडील माझ्याशी नेहमीसारखंच बोलत, औषध मागत, पेपर वाचायला लावत. फक्त माझ्याकडे बघत नसत. आधी बघत असत का, हेही मला नीट आठवेना, म्हणून ते जास्त लागे. दुपारी मी कचेरीतून लवकर आलो की ते फोन मागत. "माजं गाणं लाव."

त्यांचं गाणं म्हणजे त्या खेळातलं एक संथ गाणं. सुरुवातीपासून काही गाणी पार केल्यावर ते लागतं. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा ठेका, आणि मागं एक बाई शब्दांशिवाय गुणगुणते. वडील तिथवर फार कष्टानं पोचत, आणि पोचले की विचित्र खेळायला लागत. चौकोन व्हायला एक खण कमी असे, आणि तो खण पुढच्या ठोकळ्यात समोर दिसत असे, तरी ते तो दुसरीकडं टाकत. ठोकळे वर चढत. अगदी गळ्याशी आलं की एखादा चौकोन करून थोडी जागा करत आणि पुन्हा तसंच. मला ते बघवत नसे. त्यांना दिसत नाही असं मला वाटलं.

एका दुपारी मी न राहवून म्हणालो, "बाबा, हा इथं टाका. चार चौकोन एकदम होतील."

ते थांबले. मग फोन माझ्याकडे केला. "घे. तू कर."

मी केलं. त्यांनी रचलेलं सगळं मला आयतंच मिळालं होतं. तीन ठोकळे बसवले, रेघ आली, आणि डावीकडून उजवीकडे सगळा पडदा पुसत गेली. गुणगुणणारी बाई अर्ध्यात थांबली. रंग बदलले, ढोल सुरू झाले.

वडिलांनी कानातला इअरफोन काढून उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. "झालं तुझं समाधान?" एवढंच म्हणाले.

मला कळायला संध्याकाळ झाली. त्यांना सगळं दिसत होतं. पुढचे तीन ठोकळे तेही बघत होते, चौकोन होऊ नये म्हणून. गाणं चालू राहावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि तसं खेळणं माझ्या खेळण्याहून अवघड आहे, कारण मरायचंही नाही आणि पुढंही जायचं नाही. मी चहा घेऊन गेलो आणि म्हणालो, "मी तुम्हाला परत त्या गाण्यापर्यंत नेऊन देतो."

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "तिथवर तू ने. मग माझ्याकडं दे. आन् हात लावू नको."

त्यानंतर आमचं तसंच चाललं. मी झरझर खेळून गाणी पार करायचो, एक इअरफोन माझ्या कानात, एक त्यांच्या. लाकडाचा ठेका लागला की फोन त्यांच्या हातात. मी शेजारी बसून गप्प राहायचो. कुठला ठोकळा कुठं बसवावा हे डोक्यात आपोआप यायचं, ते मला थांबवता आलं नाही. फक्त बोललो नाही.

असं खेळता खेळताच एकदा त्यांनी फोनवरून नजर न काढता विषय काढला.

"मी गेल्यावर काय काय करायचं ठरवलंयस?"

"काही नाही, बाबा."

"खोटं बोलू नको."

त्यांनी एक ठोकळा कोपऱ्यात नेऊन टाकला.

"आदी काय बी करायचं न्हाई. दुकानात जायचं न्हाई, कुणाला सांगून ठेवायचं न्हाई. मानूस गेला की पळापळ व्हायला पायजे. ह्यो इकडं पळतोय, त्यो तिकडं पळतोय, कुनाला काय सुचंना झालंय. तवा कळतं घरातलं कोनतरी गेलं म्हनून. तुझ्यासारकं सगळं मांडून ठेवलं तर मी जानार कशाला, मला तर घालवल्यासारकंच की."

"बरं," मी म्हणालो.

"माज्याकडं बघून बोल."

मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. ठोकळे वरपर्यंत साचले आणि खेळ संपला, तरी त्यांनी नजर काढली नाही. "बरं," मी पुन्हा म्हणालो, आणि त्यांनी फोन परत दिला, पुन्हा तिथवर नेण्यासाठी.

दिलेला शब्द पाळणं किती जड गेलं हे लिहायलाही शरम वाटते. शेवटच्या आठवड्यात त्यांचे पाय सुजले, जेवण सुटलं, फोन हातात धरवेना. मी धरायचो आणि ते बोटानं दाखवायचे. मग तेही बंद झालं. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. मी कचेरीत रजा टाकली आणि घरात बसलो, आणि बसल्या बसल्या डोकं कामाला लागायचं. बाजार कुठल्या दिवशी बंद, सांगलीहून चुलते निघाले तर कधी पोचतील, दुकानाचा नंबर फोनमध्ये आहे का. नंबर होता. एकदा मी तो काढून अंगठा वर धरून बसलो होतो आणि वडील आत खोकले. मी नंबर पुसून टाकला. मला वाटतं, त्यांच्यासाठी मी एवढंच केलं.

ते गेले तेव्हा सकाळ होती. मी त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होतो, ते बाहेर आलं.

मी शेजाऱ्याच्या दारात गेलो. तो दाढी करत होता. "गेले," मी म्हटलं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, गालावरचा साबण तसाच ठेवून वर आला, वडिलांच्या नाकाशी हात धरून बसला, मग रडला. इमारतीतले लोक लगेच जमले नाहीत. प्रत्येक जण आधी येऊन दारातून डोकावून जात होता आणि मग घरी जाऊन कपडे बदलून येत होता. दुकानाचा नंबर शेजाऱ्यानंही त्या दिवसानंतर पुसून टाकला होता. गॅलरीतल्या बांबूंवर वडिलांचे सदरे वाळत होते, त्यांचं नाव कुणी काढलं नाही. दोघे बाजारात गेले. दुकानदारानं पत्ता ऐकून त्यांना म्हणे विचारलं, "डॉक्टरचा कागद हाय?" कागदासाठी मी डॉक्टरांच्या मागं लागलो, ते दवाखान्यात अडकले होते. कुणी फुलं आणायला गेलं, कुणी स्मशानात लाकडांचं विचारायला, कुणी विचारून परत आलं आणि विसरलं म्हणून पुन्हा गेलं. दुपार टळून गेली. मी मधूनमधून आत जाऊन त्यांच्याजवळ बसत होतो. आत कुणी नव्हतं, सगळे पळत होते.

संध्याकाळी सांगलीहून गाडी करून चुलते पोचले तेव्हा तिरडी बांधायला नुकती सुरुवात झाली होती. ते वडिलांचे धाकटे भाऊ. भावाच्या पायावर डोकं ठेवून ते बाहेर आले आणि सगळ्यांदेखत माझ्यावर भडकले.

"सकाळी गेला आन् आजून उचलला न्हाई? डॉक्टर म्हैनाभर सांगत हुता न्हवं? एवढा शिकलास, हाफिसात बसतोस, पुस्तकं वाचतोस. कवा काय लागंल ह्येची काय जाण हाय का न्हाई तुला? बापासाटी दोन बांबू बगून ठेवता आलं न्हाईत?"

लातूरकर काकू जमिनीकडे बघत होत्या. वॉचमननं तोंड फिरवलं. शेजारी खाली बसून सुतळी बांधत होता, त्याचे हात थांबले. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मी डोळ्यांनीच नको म्हणालो.

"चुकलं काका," मी म्हणालो. "काहीच तयारी केली नाही."

चुलते बडबडत राहिले. शेजाऱ्यानं गाठ सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.